कशामुळे की कशासाठी

ताईंना व्याख्यानांचा तिटकारा होता. बँक, दवाखाना, कोर्ट, नोकरीच्या मुलाखती, कुणाच्या घराचा करार, असली कामं त्या कुरकुर न करता घ्यायच्या. "तिथे एकाला काहीतरी हवं असतं आणि दुसऱ्याला ते द्यायचं नसतं," त्या म्हणायच्या. "आपण मध्ये उभं राहिलो की निदान भांडण तरी नीट होतं. व्याख्यानात काय? बोलणाऱ्याला टाळ्या हव्या असतात आणि ऐकणाऱ्याला पंख्याखालची खुर्ची. आपले हात फुकट दुखतात."

आम्ही दोघी दुभाषी. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना दुसऱ्याचं बोलणं हातांच्या खुणांनी सांगायचं आणि त्यांच्या खुणा इतरांना बोलून दाखवायच्या, हे आमचं काम. लांबलचक कार्यक्रमाला दोघी लागतात. एक व्यासपीठाच्या कडेला उभी राहून खुणा करते. दुसरी पहिल्या रांगेत तिच्याकडे तोंड करून बसते, तिचा एखादा शब्द निसटला तर पुरवते आणि ती थकली की तिची जागा घेते. हे काम मी ताईंच्याच हाताखाली शिकले. शिकवताना त्या दोन गोष्टी घोकून घ्यायच्या. बोलणारा 'मी' म्हणाला की आपणही 'मी'च म्हणायचं, 'हे असं असं म्हणतायत' नाही. आणि पदरचं काही घालायचं नाही, त्याचं काही खायचं नाही.

ही दुसरी गोष्ट त्या इतक्या कडक आवाजात सांगायच्या की मला वाटे, यांच्याच बोलण्यातलं कुणीतरी काहीतरी खाल्लेलं असणार. तसं नव्हतं.

ताईंचा मोठा भाऊ जन्मापासून बहिरा. आम्ही सगळेच त्यांना दादा म्हणतो. फर्निचरच्या कारखान्यात पॉलिश करतात, नखांच्या कडा कायम तपकिरी. ताई जन्मल्या तोवर दादांना ऐकू येत नाही हे घरात पक्कं झालं होतं, पण कशामुळे, ते पक्कं झालेलं नव्हतं. वडील वायरमन होते. दिवा लागत नसेल तर कुठेतरी तार तुटलेली असते, हे त्यांचं सरळ गणित, आणि त्यांच्या धंद्यात ते खरंही होतं. पोराला खांद्यावर घेऊन त्यांनी दवाखाने पालथे घातले. शेवटचे डॉक्टर म्हणाले, "काही सापडत नाही. होतं असं कधी कधी."

"असं म्हणजे कसं?" वडिलांनी विचारलं.

"असंच."

त्या 'असंच'ने वडिलांना भुंग्यासारखं पोखरलं. धड जेवत नव्हते, धड झोपत नव्हते. शेवटी आत्याने त्यांची सुटका केली. दादा पोटात असताना आई पडदा लावायला स्टुलावर चढली होती आणि आत्याने शेजारच्या खोलीतून धाडकन आवाज ऐकला होता. "तेव्हाच मी म्हटलं होतं, अशा वेळी वर चढायचं कशाला," आत्या म्हणाली. वडिलांचा जीव भांड्यात पडला. तुटलेली तार मिळाली. दवाखाने थांबले. आईला कुणी रागावलं नाही, टाकून बोललं नाही. फक्त घरात स्टूल काढलं की सगळे गप्प व्हायचे.

दादा शाळेतून खुणा शिकून येत आणि ताईंना शिकवत. आई-वडील शिकले नाहीत. "ती आहे ना सांगायला," म्हणत. त्यामुळे नीट वेणीही घालता येत नव्हती त्या वयात ताई सगळ्या घराची जीभ आणि सगळ्या घराचा कान झाल्या. एकदा जेवताना आत्या कुणा पाहुण्यांना ती स्टुलाची गोष्ट रंगवून सांगत होती. दादांनी ताईंना डिवचून विचारलं, काय म्हणतेय ती? ताईंनी सांगितलं. तू पोटात होतास, आई पडली, म्हणून तुला ऐकू येत नाही.

"जसंच्या तसं सांगितलं मी," ताई मला एकदा म्हणाल्या. "दादाने आईकडे पाहिलं. मग खाली मान घालून जेवायला लागला. परत कधी विषय काढला नाही. राग गिळला त्याने, दुसरं काय."

पुढे वडील गेले, आत्या गेली. दादा लग्न करून दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेले. ताई आईजवळ राहिल्या. दर रविवारी दादा यायचे, टेबलाशी बसायचे, ताईंमार्फत विचारायचे, कशी आहेस? आई ताईंमार्फत सांगायची, बरी आहे. मग दोघं चहा प्यायचे आणि ताई मध्ये बसून, दोघांकडून काहीच सांगायला येत नाही म्हणून, कपाकडे बघत राहायच्या. लग्न का नाही केलं, असं मी एकदा धीर करून विचारलं होतं. "आधीच दोन घरांत निरोप पोचवतेय," म्हणाल्या. "तिसरं कशाला गळ्यात घेऊ?"

अशात मोठ्या वाचनालयाने एक जाहीर वाद ठेवला. विषय: विश्वाच्या सुरुवातीला कारण हवंच का? एक बाजू मांडणार होते तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेले एक गृहस्थ, दुसरी बाजू ताऱ्यांचं गणित शिकवणारे एक तरुण प्राध्यापक. दादा जातात त्या बहिऱ्यांच्या संघटनेतल्या लोकांनी पहिल्या दोन रांगा मागून घेतल्या. ताईंनी नाही म्हणून सांगितलं. दादा म्हणाले, तू नसशील तर मी येत नाही, दुसऱ्यांच्या खुणा मला टोचतात. मग ताई मला म्हणाल्या, "चल, काढू एक दुपार. विश्व तरी कुठे पळून जातंय."

तयारीला बसलो आणि घोडं पहिल्याच शब्दावर अडलं. कारण. आपण बोलताना हा शब्द कुठेही ठोकून देतो. काच फुटली, कारण चेंडू लागला. खिडकी उघडली, कारण वारा हवा होता. खुणांमध्ये या दोन वेगळ्या गोष्टी. पहिलीत एक हात दुसऱ्याला मागून ढकलतो. दुसरीत बोट पुढच्या कशाकडे तरी जातं, ते हवं म्हणून. कशामुळे आणि कशासाठी. दोन्हींना पुरेल अशी एकच खूण आमच्याकडे नाही.

"ढकललं की बोलावलं, ते आधी सांगा म्हणावं," ताई वैतागून म्हणाल्या. "मग करा म्हणावं वाद."

वाद सुरू झाला आणि पुढच्या रांगेतल्यांनी दोघांना लगेच खुणांची नावं ठेवून टाकली. निवृत्त गृहस्थ 'चष्मा', तरुण प्राध्यापक 'दाढी'. मीही तेच म्हणते, सोपं पडतं.

चष्मा शांतपणे बोलले. जे जे सुरू होतं त्याला कारण असतं. विश्व सुरू झालं. तेव्हा विश्वालाही कारण आहे. ते कारण विश्वातलं असू शकत नाही, म्हणजे विश्वाबाहेरचं आहे. ताईंनी 'ढकलणं' निवडलं होतं. एका हाताने दुसऱ्याला ढकलत होत्या, छान चाललं होतं.

दाढी उठले. "बसमधल्या प्रत्येक प्रवाशाला तिकीट लागतं," ते म्हणाले. "म्हणून बसला तिकीट लागतं का? विश्वातल्या प्रत्येक गोष्टीला कारण लागतं, ते मान्य. पण विश्व ही विश्वातली गोष्ट नाही."

सभागृह हसलं. ताईंनी बस काढली, प्रवासी बसवले, तिकिटं फाडली. पुढच्या रांगेतले जरा उशिराने हसले.

"बसला तिकीट लागत नसेल," चष्मा म्हणाले, "पण चालक लागतो ना?"

"मग त्या चालकाला कोण चालवतं?"

"जे सुरू झालं त्यालाच कारण लागतं. चालक कधी सुरू झालाच नाही. तो आहेच."

"ही सूट चालकाला देता, मग बसलाच का देत नाही? एक माणूस वाचेल."

आता दोघं भराभर बोलायला लागले होते. आमच्या पद्धतीत एक बोलतो तेव्हा खांदे डावीकडे वळवायचे, दुसरा बोलतो तेव्हा उजवीकडे, म्हणजे कोण बोलतंय ते कळतं. ताई डावीकडे वळून म्हणत होत्या, कारण हवंच. उजवीकडे वळून म्हणत होत्या, काही गरज नाही. दोन्हीकडे 'मी'. रस्त्यात उभी राहून स्वतःशीच तावातावाने भांडणाऱ्या बाईसारख्या त्या दिसायला लागल्या. संघटनेचे एक वयस्कर सभासद न राहवून उठले आणि त्यांनी ताईंना खुणेने सुनावलं, मघाशी हवं म्हणालीस, आता नको म्हणतेस, तुझं नक्की काय ते एकदा ठरव. ताईंनी एका हाताने सांगितलं, मी नाही, ते. आणि दुसऱ्या हाताने बस पुढे चालू ठेवली.

मग दाढींनी काळ काढला. काळ हाच विश्वाबरोबर सुरू झाला असेल तर 'त्याआधी' काहीतरी होतं म्हणण्याला अर्थ काय, आणि आधी काही नसेल तर ढकलणार कोण आणि केव्हा? आमच्या खुणांमध्ये काळ अंगातून वाहतो. पुढचं ते छातीसमोर, झालेलं ते खांद्यामागे. ताईंचा हात खांद्यामागे गेला, आणखी मागे गेला आणि तिथेच राहिला. काळाच्या आधी दाखवायला त्यांच्याजवळ जागाच उरली नव्हती. मी खालून एक खूण सुचवली, 'आधी' वर फुली. त्यांनी ती केली, पण तोंड असं केलं की जणू मी त्यांना चहात मीठ घालून दिलं.

"या सगळ्यामागे काही कारण असल्याशिवाय," चष्मा म्हणत होते, "तुम्ही, मी, ही फुलं, आपण सगळे इथे का असू?"

ताईंचे हात थांबले. ढकललं की बोलावलं? अर्थ कळला नाही तर बोलणाऱ्याला विचारायची दुभाष्याला मुभा असते. त्यांनी विचारलं, "माफ करा. कशामुळे असू म्हणताय की कशासाठी?"

"प्रश्न योग्य आहे," चष्मा अगदी आदराने म्हणाले. "मला कशामुळे, एवढंच म्हणायचंय." आणि दोन वाक्यांनी पुन्हा तेच. फुलं, आपण, का असू. ताईंनी पुन्हा हात वर केला. तेव्हा अध्यक्ष माईकवर म्हणाले, दुभाष्यांनी कृपया वादात भाग घेऊ नये. लोक हसले. ताईंनी ते हसणंही खुणेने सांगितलं, कारण ते सांगायचं असतं. मग मी उठून त्यांची जागा घेतली. त्या खाली बसल्या आणि त्यांनी दोन्ही हात बगलेत घट्ट दाबून धरले.

प्रश्नांची वेळ आली. दादा उभे राहिले. त्यांचं बोलून दाखवायचा माईक ताईंच्या हातात होता. नात्यातल्या माणसाचं काम आपण करायचं नाही असा संकेत आहे, म्हणून मी हात पुढे केला. ताईंनी माईक सोडला नाही. कदाचित त्यांना वाटलं असेल, दादा त्या बसबद्दल काही विचारणार.

"मी जन्मतः बहिरा आहे," ताईंचा आवाज सभागृहात आला. दादांचे हात चालत होते आणि ताई बोलत होत्या. "डॉक्टर माझ्या वडिलांना म्हणाले, काही कारण नाही, असंच होतं. घरचे म्हणतात, मी पोटात असताना माझी आई पडली, त्यामुळे मी बहिरा झालो." इथे त्या थांबल्या. दादा वाट बघत होते. "मी विचारतो," त्या पुढे म्हणाल्या, "तुम्हा दोघांत कोण बरोबर? माझं बहिरेपण कारणाशिवाय असू शकतं का?"

मी व्यासपीठाच्या कडेवरून ताईंकडे पाहिलं. त्या दाढींकडे बघत होत्या. मी त्यांच्याबरोबर इतकी वर्षं काम केलंय, पण कुणाकडे असं काही मागताना मी त्यांना पाहिलेलं नव्हतं. दुपारभर तो माणूस कारण नको, कारण नको म्हणून घसा फोडत होता.

दाढी सावकाश म्हणाले, "तुमच्या बाबतीत माझं यांच्याशी काहीच भांडण नाही. विश्वाच्या आत, आपल्या रोजच्या जगात, ज्या गोष्टी घडतात त्यांना कारणं असतात. सापडलं नाही म्हणजे नाही, असं होत नाही. मी बोलत होतो ते सबंध विश्वाबद्दल."

"अगदी," चष्मा म्हणाले. "कारण असणारच. ते पडणंच होतं का, हे मात्र आम्ही दोघं नाही सांगू शकत."

दुपारभरात पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं म्हणून अध्यक्षांनी टाळ्या वाजवायला सांगितल्या. मी सगळं खुणेने सांगितलं, चष्म्यांचं शेवटचं वाक्यसुद्धा. पण ते वाक्य दादांनी किती घेतलं कोण जाणे. ते मान हलवत समाधानाने खाली बसले.

बाहेर वाचनालयाच्या पायऱ्यांवर ताईंचा बांध फुटला. "विश्वाला सूट देतात," त्या म्हणाल्या. "एवढ्या मोठ्या विश्वाला कारण नाही म्हणायला जीभ अडखळत नाही. आणि एका बाईला सोडवायची वेळ आली तर लगेच दोघे एक."

"ताई, त्यांनी खरं तेच सांगितलं."

"खऱ्याचं मी काय करू? ते ऐकून हा आज खुशीत घरी जाणार. कारण आहे म्हणून शिक्का मिळाला ना."

तेवढ्यात दादा आले, खरोखरच खुशीत. त्यांनी खुणेने सांगितलं, आज रविवार नाही, तरी मी घरी येतो, आईला एक विचारायचंय.

काय, ताईंनी खुणेने विचारलं.

पडली तेव्हा तिला फार लागलं होतं का?

ताईंनी विचारलं, राग आला नाही तुला कधी तिचा?

राग कसला, दादांनी विचारलं. ती पडदा लावत होती. मी येणार होतो, खोलीत ऊन यायचं, म्हणून लावत होती. तिला लागलं का, हे मला लहानपणापासून विचारायचं होतं. पण मध्ये तू. स्टूल म्हटलं की तुझा चेहरा असा व्हायचा की मी गप्प बसायचो.

एवढं सांगून त्यांनी नखाने नखावरचं पॉलिश खरवडलं. मग पुन्हा हात उचलले. असंच झालं म्हटलं तर तिथे कुणीच नव्हतं असं वाटतं. ती पडली, म्हणजे निदान काहीतरी झालं.

ताई माझ्याकडे वळल्या. "तू चल घरी," म्हणाल्या. "आज मी नाही सांगणार. तू सांग."

ताईंचं घर दुसऱ्या मजल्यावर, पुढे एक खोली, मागे एक, त्यांच्यामध्ये स्वयंपाकघर. आई टेबलाशी बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. मुलगा अवेळी आला म्हणून घाबरल्या. ताईंनी त्यांना बसवलं आणि स्वतः भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मी टेबलाच्या कडेला, दोघांना दिसेन अशी बसले.

दादांनी विचारलं, मी बोलले: "आई, स्टुलावरून पडलीस तेव्हा तुला लागलं होतं का?"

आईंनी हातातला टॉवेल खाली ठेवला. "मी कधी पडले?"

"दादा पोटात असताना," ताई भिंतीजवळून म्हणाल्या. आपण सांगणार नाही म्हटलेलं त्यांच्या लक्षातही राहिलं नव्हतं. "पडदा लावताना. आई, असं काय करतेस?"

"पडदा पडला," आई म्हणाल्या. "म्हणजे दांडा पडला, पडद्यासकट. मी वरच होते. स्टूल धरून, आपल्या पायांनी उतरले."

मी ते खुणेने सांगितलं.

"मग बोलली नाहीस कधी?" ताईंनी विचारलं.

"बोलले की. पहिल्यांदा बोलले. तर तुझी आत्या म्हणाली, आवाज मी माझ्या कानांनी ऐकलाय. आणि तुझे वडील... किती दिवसांनी त्या दिवशी ते पोटभर जेवले. आडवे झाले आणि झोपलेसुद्धा. म्हटलं, एवढ्याने यांना झोप लागत असेल तर पडले समजा."

"पडले समजा," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढत नव्हता, बसत चालला होता. "आई, मी त्याला सांगितलं. जेवताना, सगळ्यांसमोर, तू पडलीस म्हणून तो बहिरा झाला असं मी त्याला सांगितलं. तू समोरच बसली होतीस. एक शब्द बोलली नाहीस."

"तू काय सांगतेस ते मला कुठे कळायचं?" आई म्हणाल्या. "तुम्हा दोघांचे नुसते हात हलायचे."

हे सगळं मी दादांना सांगत होते. मी आई होते, मी ताई होते, डावीकडे, उजवीकडे, दोन्हीकडे 'मी'. दादांचा चेहरा ताठ होत गेला. त्यांनी मला थांबवलं. खोटं आहे, ते म्हणाले. वाटेत हिने तुला शिकवलंय. आईला वाचवायचं म्हणून तुम्ही दोघी बदलून सांगताय.

मी शपथेवर सांगितलं, नाही. पण दुभाष्याने शपथ घेतली तरी ती त्याच हातांनी घ्यावी लागते.

दादा नकारार्थी मान हलवत होते. आईंनी टेबलावर डावा तळहात पसरला आणि उजव्या हाताची दोन बोटं त्यावर उभी केली. माणूस उभा आहे, ही खूण. इतक्या वर्षांत बघून बघून एवढी त्यांना येत होती. बोटं तळहातावर उभी ठेवून त्यांनी कोपराने टॉवेल ढकलला. टॉवेल जमिनीवर पडला. बोटं उभीच.

दादांनी आपला हात पुढे केला आणि आईची ती दोन बोटं धरून तळहातावर आडवी केली. पडलीस.

आईंनी बोटं परत उभी केली.

त्यांनी पुन्हा आडवी केली, जरा जोरात. आईंनी पुन्हा उभी केली. मग दादांनी हात काढून घेतला. उठले. दारापर्यंत गेले आणि वळून एकच खूण केली, एक हात दुसऱ्याला मागून ढकलतोय ती, आणि भुवया उंचावल्या.

"मग कशामुळे?" मी बोलले.

"मला काय माहीत रे बाबा," आई म्हणाल्या. "असंच."

ते सांगायचं काम माझ्याकडे होतं. मी सांगितलं. दादा चहा न घेता गेले. ताईंनी जमिनीवरचा टॉवेल उचलला, घडी घातली, ती मनासारखी झाली नाही म्हणून मोडली आणि टॉवेल तसाच खुर्चीवर टाकून आत गेल्या. आई मला म्हणाल्या, "तू तरी बस गं." मी बसले.

दादा दोन रविवार फिरकले नाहीत. तिसऱ्या रविवारी आले ते प्रश्न घेऊन. तेव्हा तुला ताप आला होता का? कुठलं औषध घेतलंस? खोलीला नवा रंग दिला होता का? शेजारी कसला कारखाना होता? ताई फोनवर मला सांगत होत्या, "एक कारण काढून घेतलं तर हा दहा घेऊन आला. बाबांवर गेलाय. आणि आई सगळ्याला मान हलवते. रंग होता का? होता. कारखाना होता का? असेल. मी आईला विचारलं, एवढी वर्षं पडले म्हणून घेतलंस, आता रंग लावलास म्हणून घेणार का? तर म्हणते, त्याला बरं वाटत असेल तर."

"मग तुम्ही दादांना तसं सांगितलंत?"

"मी सांगणं बंद केलंय," ताई म्हणाल्या. "कोर्टात सांगीन, बँकेत सांगीन. घरात नाही."

त्या तसं करतील असं मला वाटलं नव्हतं, पण त्यांनी केलं. दादा आले की त्या मागच्या खोलीत जाऊन बसतात, दार अर्धवट लोटून. बाहेर आई आणि दादा दोघंच. आईंना दहा-बारा खुणा येतात, त्यातल्या निम्म्या चुकीच्या. दादा सावकाश खुणा करतात, मग चिडून भराभर करायला लागतात. त्यांना आईंचं लक्ष हवं असलं की ते टेबलावर पंजा आपटतात, आणि आईंना उत्तर द्यायचं नसलं की त्या कपड्यांच्या घड्यांत डोकं घालतात.

परवा मी पुढच्या कामाची वेळ ठरवायला फोन केला तेव्हाही दादा आलेले होते. ताई बारीक आवाजात बोलत होत्या.

"फटीतून दिसतंय मला," त्या म्हणाल्या. "त्याने विचारलं, तेव्हा तू आजारी होतीस का. आणि ही सांगतेय, मी धुतलं. आजारी आणि धुतलं, दोन्ही खुणा सारख्याच वाटतात तिला. आता तो विचारतोय, काय धुतलं. हिला वाटतंय कपडे. संध्याकाळपर्यंत हे असंच चालणार."

"जाऊन सांगा ना मग. दोन मिनिटांचं काम."

"मला कळतंय सगळं," ताई म्हणाल्या. "त्याचंही कळतंय, तिचंही कळतंय. तेच तर डोक्यात जातं."

पलीकडे टेबलावर पंजा आपटल्याचा आवाज फोनमधूनही मला ऐकू आला. थोड्या वेळाने आणखी एकदा. ताईंच्या श्वासाचा आवाज येत होता, पण खुर्ची सरकल्याचा आला नाही.

"बरं, सोमवारचं काय म्हणत होतीस?" त्यांनी विचारलं.